कागदाएवढा कठडा

सेलूच्या फलाटावर त्या दिवशी कापूस उडत होता. जिनिंगच्या दिवसांत आमच्या गावची हवा पांढरी असते, हे तिथे राहिलेल्या तुम्हा मंडळींना सांगायला नको. आप्पांच्या मिशांत कापूस, माझ्या लुगड्यावर कापूस, गाडीच्या खिडकीच्या गजांवर कापूस. आता आठवते तेव्हा ती गाडी ढगातच उभी होती असं वाटतं. आप्पा गजांवरून बोट फिरवत होते, हे कुणी ठोकलं असेल म्हणून. लेक परमुलखात निघालीय आणि बापाला गजांचं पडलंय, याचा मला राग आला होता. गाडी हलली तेव्हा ते एवढंच म्हणाले, "घण सोडू नको, सोजर."

आमच्या लोहाराच्या घरात पुरुष ऐरणीपाशी बसतो आणि बाई उभी राहून घण मारते. त्याची हातोडी जिथे टिचकी मारेल, बरोबर तिथेच तिचा घण पडला पाहिजे. हातोडी नुसत्या ऐरणीवर वाजली की थांबायचं. त्यात बोलणं नसतं. आई गेल्यावर आप्पांचा घण माझ्याकडे आला आणि लग्नानंतरही माझ्याकडेच राहिला, कारण राणीसावरगावचे आमचे हे आप्पांच्याच भट्टीवर कामाला आले. जिनिंगच्या यंत्रांची दुरुस्ती आप्पा पोटासाठी करत. त्यांचं मन होतं व्यापाऱ्यांच्या माड्यांवरच्या जाळ्यांत आणि कठड्यांत. नक्षी मी काढायची. मी जमिनीवर चुनखडीने वेल काढला की आप्पा तापली पट्टी वाकवून थेट त्या रेषेवर ठेवून बघायचे. काढलं तेवढंच घडायचं, बोटभर कमी नाही की जास्त नाही.

निझामाचं राज्य गेलं. पुढे काही वर्षांनी आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला आणि हैदराबादकडे बघणारी माणसं पुण्याकडे बघू लागली. सेलूत नव्या माड्यांना सिमेंटच्या जाळ्या बसू लागल्या. पुण्यात बंगले उठायलेत, तिकडं जा, असं आप्पांनीच आम्हाला सांगितलं. मी गेले की त्यांच्या भट्टीवर घण मारायला कुणी उरत नाही, हे त्यांना कळत होतं. मलाही कळत होतं, आणि तरी मी निघाले.

पुण्यात यांना लोखंडकामाच्या कारखान्यात काम मिळालं. तिथल्या शेठनी आम्हाला मागची खोली दिली आणि पहिल्याच दिवशी सांगितलं की बाईमाणूस ऐरणीपाशी चालणार नाही, लोक हसतील. माझा घण खाटेखाली गेला. यांच्यासमोर घण मारायला एक धिप्पाड गडी उभा राहिला. त्याला ताकद होती, पण हातोडीचं बोलणं कळत नव्हतं. मी खोलीत भाकरी थापताना ते ऐकायची. टिचकी एकीकडे, घण दुसरीकडे. बाहेर नळावर मी 'लय' म्हटलं की बायका तोंडाला पदर लावायच्या, म्हणून मी 'खूप' म्हणायला शिकले. तुमच्यापैकी जे माझ्यासारखे गाव सोडून गेले, त्यांनाही असे चार शब्द गिळावे लागले असतील. शब्दांचं मला फार वाटलं नाही. पण एका भट्टीचा घण थांबवून मी आले होते आणि दुसऱ्या भट्टीवर मला जागा नव्हती. असा संताप मला जन्मात आला नव्हता.

मग तो निळा कागद आला. कुणाच्या तरी बंगल्याचं काम होतं. शेठ घाईत होते. याचा नमुना करून आणा, असं म्हणून त्यांनी कागद यांच्या हातात दिला. दोन वीत लांब, वीतभर उंच अशी वेलपत्तीची नक्षी होती. यांच्या उर्दूच्या दोन इयत्ता झालेल्या, मला तेव्हा अक्षरओळख नव्हती, आणि कागदावरचे आकडे इंग्रजी. आम्ही बराच वेळ बघितलं आणि ठरवलं की ही देवघराची जाळी असणार. शंका यायचं काही कारणच नव्हतं. काढलं तेवढंच घडायचं.

एवढंसं काम खोलीमागच्या अंगणात होण्याजोगं होतं. विटा मांडून आम्ही भट्टी केली. ते दोन रविवार माझ्या डोळ्यांसमोर अजून तरंगतात. बारीक सळई, ज्वारीच्या दाण्याएवढी पानं, यांची टिचकी आणि तिच्यामागे माझा छोटा हातोडा. कागद जमिनीवर, चार कोपऱ्यांवर चार खडे. मी पुण्यात आहे हे मी विसरून गेले होते.

सोमवारी यांनी ती जाळी शेठच्या टेबलावर ठेवली आणि सगळा कारखाना हसला. तो बंगल्याच्या जिन्याचा कठडा होता, कागदावर लहान करून काढलेला; खरी मापं त्या इंग्रजी आकड्यांत होती. जिना काय बाहुलीचा आहे का, असं शेठ म्हणाले. बंगल्याचे इंजिनियर तिथेच होते. त्यांनी आमची जाळी उचलून निळ्या कागदावर ठेवली. रेषेवर रेष बसली. कुणी केली, असं त्यांनी विचारलं. मी दाराआड उभी होते. हे 'मी' म्हणाले असते तर त्यांची जागा पक्की झाली असती, आणि माझा घण कायमचा खाटेखाली राहिला असता.

"आमी दोगांनी," हे म्हणाले. "घण तिचा हाय."

मग मोठा कठडाही या दोघांनीच करावा, असं इंजिनियर म्हणाले. शेठनी तो निळा कागद परत यांच्या हातात दिला. दुसऱ्या दिवशी मी पदर खोचून ऐरणीपुढे उभी राहिले.

दोन वर्षांनी आप्पा पुण्याला आले. तुमच्या भट्टीवर आता घण कोण मारतं, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. घण लागत नाही तेवढीच कामं घेतो, असं त्यांनी आपणहून सांगितलं. बंगल्याच्या मालकांना विचारून मी त्यांना जिना दाखवायला नेलं. चांगलं म्हणतील, या आशेने मी मागून चालले होते. आप्पांनी कठड्याकडे धड पाहिलंही नाही. त्यावर तळवा टेकवून ते हळूहळू चढत गेले. आठव्या पायरीवर थांबले. हात मागे नेऊन त्यांनी तोच वेल पुन्हा चाचपला.

"इथं दमली व्हतीस तू."

तो वेल ठोकला तेव्हा थोरली माझ्या पोटात होती. मला घरी बसवतील म्हणून मी कुणालाच सांगितलं नव्हतं, यांनासुद्धा. एकही घाव चुकू दिला नव्हता. मला रडू फुटलं.

"बस की जराशी," आप्पा म्हणाले आणि स्वतःही खाली बसले.

तुमचं गाव कुठलं, असं कुणी विचारलं तर मी अजून सेलूच सांगते. पण मनात येते ती त्या परक्या बंगल्याची आठवी पायरी. तिथे मी दोन वर्षं उशिरा, आप्पांच्या शेजारी, दमून बसले.