काजूचा चीक

शेजारच्या पार्वतीकाकी चारचौघांत उजवा हात पदराखाली ठेवतात. चाळीस वर्षं त्यांनी कारखान्यात काजू फोडले. टरफलातला चीक कातडी जाळतो आणि बोटांवर काळे डाग ठेवून जातो.

काल माझ्या टेबलाचं काम बघायला आम्ही दोघी सुताराकडे गेलो. त्याने नवा गोंद लावून दोन फळ्या जोडल्या होत्या. आम्हाला दाखवायला म्हणून तो पटाशीने त्या उचकटू लागला. लाकूड चिरलं, पण सांधा हलला नाही.

"काजूच्या टरफलांच्या तेलाचा गोंद आहे," तो म्हणाला. "त्याच तेलातून फ्रिजच्या भिंतीत भरायचा फोमही करतात."

टरफलं म्हणजे चुलीत घालायचा कचरा, एवढंच मला ठाऊक होतं. हाताला नकोशा झालेल्या गोष्टीला आपण लगेच टाकाऊ म्हणतो. तिचा चिवटपणा कुणाच्या तरी उपयोगाचा असेल, हे मनातही येत नाही.

काकींनी वाकून सांधा हुंगला. वास ओळखीचा निघाला. मग पदराखालचा हात बाहेर आला आणि ते काळं बोट सांध्यावरून सावकाश फिरलं.

"माझ्या बोटांचो चीक सुटलो नाय," त्या सुताराला म्हणाल्या, "तो फळयेचो काय सुटतलो?"