कार्डाचा कोपरा

लेकीच्या लग्नपत्रिकांना हळदीची बोटं लावायला बसले आणि त्या वासाने मंद्रूपहून आलेलं एक पोस्टकार्ड आठवलं.

मी आठ वर्षांची होते. मंद्रूपला आजोबा, म्हणजे आईचे आप्पा, फार आजारी होते. सोलापुरात आमच्या दारात पोस्टमनने कार्ड माझ्याच हातात दिलं. दाढेत शेंगाचटणी अडकली होती, म्हणून मी कार्डाचा कोपरा फाडला आणि दात कोरत घरात गेले.

ते फाटकं कार्ड पाहून आई मटकन खाली बसली. कोपरा फाडलेलं कार्ड म्हणजे कुणीतरी गेल्याची बातमी, हे मला कुठे ठाऊक!

"आप्पा गेले की गं!" ती कार्डाला हात लावेना. शेजारच्या काकू धावत आल्या. कोपरा माझ्या दातांतच होता आणि भीतीने तोंड उघडत नव्हतं.

शेवटी काकूंनी कार्ड वाचलं. "अगं, उतार हाय की आप्पास्नी! काल अर्धी भाकरी खाल्ली म्हनं. मग कोपरा कुणी फाडला?"

मी 'आ' करून दाखवला. पाठीत धपाटा बसला. मग आईने हळदीचा डबा आणला आणि रडत रडत त्या फाटक्या कडेला हळद लावली.

कितीतरी वर्षं मला त्यातला धपाटाच तेवढा आठवायचा. आज पत्रिकेवर बोट टेकवताना आईचं ते हळदीने माखलेलं बोट आठवतं, आणि कोपरा जागेवर आहे ना, हे मी आधी चाचपून पाहते.