नेदरलँड्सहून आलेली हिरवी साडी

ती घटना आजही आठवते, आणि आधी माझंच हसू येतं. तेव्हा मी गिरणगावातल्या एका पोलीस ठाण्यात निरीक्षक होते. अंगावर वर्दी, आवाजात जरब आणि व्हीपीएन कशाशी खातात ते ठाऊक नाही.

लालबागची एक नर्स तक्रार घेऊन आली. साखरपुडा झाला होता आणि सासरच्यांना तिच्या चालचलणुकीबद्दल निनावी मेल येत होते. तीन झाले; चौथ्याला लग्न मोडेल, म्हणाली. सोबत आतेभाऊ. प्रश्न तिला विचारला की उत्तर तो द्यायचा. मला वाटलं, किती काळजी करतो बिचारा. त्याला चहाही पाजला.

मेलचा माग काढला, तर पत्ता निघाला नेदरलँड्सचा. मी लगेच परदेशी पत्रव्यवहाराचा मसुदा लिहायला घेतला. आमची सायबरची शिपाई पोरगी हसू दाबत म्हणाली, "मॅडम, तो इथलाच असेल. व्हीपीएन लावलंय. फोनपासून तिकडच्या सर्व्हरपर्यंत सगळं कुलूपबंद जातं. पुढे पत्ता दिसतो तो त्या सर्व्हरचा. इथल्या इंटरनेट कंपनीला एवढंच कळतं, की हा त्या सर्व्हरशी बोलला. काय बोलला, ते नाही."

मग उजेड पडला. लग्नाआधी ह्यांना माझी पत्रं अशीच जायची. प्रभादेवीच्या मैत्रिणीच्या नावाचं पाकीट, आत दुसरं बंद पाकीट; ते ती तिच्या भागातल्या पोस्टात टाकायची, शिक्का प्रभादेवीचा. म्हणजे हा उद्योग मी केव्हाच करून बसले होते.

पत्ता खोटा असला तरी मजकूर हातात होता. एका मेलमध्ये होतं, साखरपुड्याची हिरवी साडी तिला कोणी घेऊन दिली ते विचारा. मी मुलीला एकटीला बोलावलं.

"मॅडम, मी नेसले ती मरून रंगाची होती. हिरवी हिंदमाताच्या साडीबाजारात घेतली, पण आईने संध्याकाळी बदलून आणली."

"घेताना कोण होतं?"

"मी, आई आणि आतेभाऊ. साखरपुड्याला तो आलाच नाही."

आतेभावाच्या फोनच्या इंटरनेट कंपनीकडून नोंदी मागवल्या. तिन्ही मेलच्या वेळी त्याचा फोन त्याच सर्व्हरशी जोडलेला. चौकशीत त्याने तासभर नाकारलं, मग म्हणाला, "मामाची मुलगी. माझा हक्क होता."

सासरचे धावत आले, झालं गेलं विसरा म्हणाले. मुलगी शांतपणे म्हणाली, "तीन मेल वाचून तुम्ही माझ्याकडे खुलासा मागितलात. मला नाही यायचं तुमच्या घरी."

मी तिला तासभर समजावलं, चांगलं स्थळ घालवू नको म्हणून. आरोपी पकडल्याचा केवढा तोरा होता मला. पण त्या दिवशी ठाण्यात माणसं ओळखणारी एकच होती, आणि ती टेबलाच्या माझ्या बाजूला बसलेली नव्हती.