वेबसाइटवरचा हार

मी माझ्या जिवंत सासऱ्यांच्या फोटोला झेंडूचा हार घातला होता. तोही वेबसाइटवर, साऱ्या जगाला दिसेल असा. चाळिशी गाठली होती मी तेव्हा; अल्लड वय म्हणून सोडून द्यायचीही सोय नाही.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं. श्रीगोंद्यात आमचा उसाचा रस काढायच्या चरकांचा कारखाना होता, सासऱ्यांनी, म्हणजे मामंजींनी, उभा केलेला. मी तीन महिने एसटीने नगरला जाऊन कॉम्प्युटरचा क्लास केला आणि हट्टाने ऑफिसात खुर्ची मिळवली. ती देताना मामंजी एवढंच म्हणाले, "एक बी गिऱ्हाईक तुटलं, तर तुझा कॉम्प्युटर टेम्पोत घालून परत धाडीन. अन् तू चुलीपाशी."

तरी बाईसाहेबांचा उत्साह बघा! वेबसाइटचं पहिलं पान मी लग्नपत्रिकेसारखं मांडलं. वर गणपती, खाली कुलदैवत, मग मामंजींचा फेटा बांधलेला फोटो. तो नुसता बरा दिसेना, म्हणून भोवती हाराची चौकट काढली आणि दोन बाजूंना दोन समया लावल्या, हलत्या ज्योतींच्या. चरक पार तळाला. फोन नंबर त्याच्याही खाली. क्लासच्या मास्तरांनी ते नेटवर चढवून दिलं, आणि मी लगेच सोलापूरच्या आमच्या सगळ्यात जुन्या व्यापाऱ्यांना कळवून टाकलं.

चौथ्या दिवशी त्यांचा फोन आला.

"वहिनी, भाच्याच्या ऑफिसात बघितलं. फार वाईट झालं. कधी गेले?"

"कोण?"

"अहो, मोठे मालक. हार बघितला, समया बघितल्या. आता चरकांकडं कोण बघणार तुमच्या? यंदा मी दुसरीकडून घेतो. राग मानू नका."

'अहो, ते मागच्या शेडमध्ये वेल्डरवर ओरडतायत,' इतकं साधं वाक्य मी मनात जुळवत होते. तोवर त्यांनी फोन ठेवला. मागं वळले, तर दारात मामंजी.

"कुनाचा फोन?"

"सोलापूरचा. साइट बघितली म्हणाले."

"मग मला बी दाखव की." खुर्ची ओढून ते शेजारी बसले.

इंटरनेट त्याच फोनच्या तारेवर चालायचं. एरवी लाइन तुटू नये म्हणून मी देवाला हात जोडायची. त्या दिवशी तुटावी म्हणून नवस बोलले. मेली पहिल्या झटक्यात लागली.

पान वरून खाली पट्टीपट्टीने उतरायचं. मराठी अक्षरं नीट दिसत नसत म्हणून मी मजकुराचीही चित्रंच करून टाकली होती. त्यामुळे आणखीच सावकाश. गणपती आला. कुलदैवत आलं. मामंजींनी हात जोडले. मग झेंडूची एक रांग उतरली.

"आरं वा, फुलं!"

फेट्याचा तुरा दिसला.

"मामंजी, चहा आणू?"

"बस गप."

कपाळ आलं. मिशा आल्या. हाराचं टोक आलं, आणि दोन्ही ज्योती हलायला लागल्या. मामंजी हलले नाहीत. बराच वेळ ते स्वतःकडेच बघत राहिले. चरक अजून उतरायचाच होता.

"सोलापूरवाला काय म्हनला? खरं सांग."

मी सगळं सांगितलं. कधी गेले विचारत होते, माल दुसरीकडून घेणार आहेत, सगळं. सांगताना पदर दातांत धरला होता; शब्द कळले असतील की नाही, देव जाणे.

त्यांनी मला लाइन सोडायला लावली आणि स्वतः नंबर फिरवला. "मी बोलतोय. वरून न्हाई, श्रीगोंद्याहून!" पलीकडे हसण्याचा असा स्फोट झाला की मलाही ऐकू आला. "व्हय, व्हय, धाडतो चरक," म्हणत त्यांनी फोन ठेवला.

गिऱ्हाईक राहिलं होतं. पण माझी खुर्ची गेली, हे मी धरूनच चालले होते. मी मुकाट्याने कॉम्प्युटर बंद केला, त्यावर कापडी कव्हर घातलं आणि उठले.

मामंजी म्हणाले, "कुठं निघालीस? बस खाली. माझा फोटो काढून टाक, तिथं चरक लाव, अन् फोन नंबर पार वर घे. गिऱ्हाइकाला मशीन बघायची असती, माझ्या मिशा न्हाई. अन् त्यो हार ठिव जपून, लागंल कवातरी."