भुशाच्या वाटीचं वाण

कुम्हारीच्या राइसमिलजवळून जाताना ओल्या भुशाचा वास आला, की मले आमच्या स्टील प्लांटच्या सेक्टर दहामधल्या क्वार्टरमधली ती संक्रांत आठवते. सुनेनं तेव्हा नुकतंच धानाचा भुसा दळून, साच्यात गरम दाबून वाट्या करायचं काम सुरू केलं होतं. म्हणाली, "आई, औंदा हळदीकुंकवाले वाण हेच देऊ." मी म्हटलं, "अवं, इथं सगळे प्लांटवाले, स्टीलशिवाय कोणी हात लावनार नाही." तिनं ऐकलं नाही. शेजारणीनं वाटीला टिचकी मारून पाहिली अन् म्हणाली, "काय वो, तांदूळ तुमच्या घरी न भुसा आमाले?" साऱ्या हसल्या. बाया गेल्यावर सून एवढंसं तोंड करून म्हणाली, "आई, बंदच करते हे काम," आणि साच्यावर चादर टाकली. आता आमच्याकडे कसं, की नावडतं वाण पुढच्या वर्षी दुसऱ्याच्या गळ्यात मारतात. म्हणून पुढच्या संक्रांतीला मी घरोघरी धास्तीनंच वाण घेत होते. स्टीलच्या वाट्या फिरून आल्या, सुनेची एकही नाही. शेजारणीच्या ओट्यावर मात्र ती दिसली, मिठानं भरलेली. "देऊन नाही टाकली कावून?" मी विचारलं. "स्टीलले मिठानं डाग पडते, हिले काही होत नाही. सुनेले विचारा न, याच्याहून मोठी करते काय?" निरोप ऐकून सुनेनं चादर काढली. आता मीच एखादी वाटी मागितली तर म्हणते, "आई, आधी ऑर्डरच्या जाऊ द्या."