पासवर्ड कुणाकडे?

फुनाबोरीतल्या आमच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर एक काकू राहतात. वय साठीच्या पुढे, पण गेम खेळायचा कॉम्प्युटर त्यांनी स्वतः जोडलाय. दर रविवारी तो उघडून त्या मऊ ब्रशने पंख्यावरची धूळ काढतात.

आमचा कॉम्प्युटर फारच रखडायला लागला, तेव्हा मी त्यांनाच बोलावलं. नवऱ्याने वेग वाढवायला म्हणून त्यात फुकटातली तीन सॉफ्टवेअर टाकली होती.

काकूंनी चष्मा कपाळावर चढवला. "हे तीन पाहुणे कुणी बोलावले?"

"मीच," नवरा म्हणाला. "रिव्ह्यू चांगले होते."

"अहो, चोर स्वतःबद्दल वाईट कशाला लिहील?"

त्यांनी तिन्ही काढून टाकली, रखडलेले अपडेट पूर्ण केले आणि तासाभरात कॉम्प्युटर पळायला लागला. मग म्हणाल्या, "यापुढे नवीन काहीही टाकायचं तर एक पासवर्ड लागेल." नवरा वही घेऊन पुढे झाला. काकूंनी वाकून पासवर्ड माझ्या कानात सांगितला.

आता नवा गेम टाकायचा असला की नवरा आधी सगळी भांडी घासतो, मग माझ्याकडे येतो. काकू लिफ्टमध्ये भेटल्या की त्याच्यासमोरच मला विचारतात, "भांडी स्वच्छ निघतात ना गं?"