गुणवंताभाऊ घोरून राहिला

गुणवंताभाऊ माझ्याहून बराच मोठा, तरी मित्र. सौंसरहून नागपूरला संत्र्यांची गाडी न्यायचा. कधी कधी मला बाजूला बसवायचा. "कवी, बोलत राय," म्हणायचा. "नाही तर मले झोप लागते."

ती थट्टा नव्हती. दिवाळीनंतर रामाकोन्याजवळ भरदुपारी त्याचा डोळा लागला आणि गाडी कापसाच्या शेतात शिरली. कोणाला लागलं नाही. मालक रघुनाथराव म्हणाले, "गुणवंता, इलाज कर. झोप पुरी होऊन राहिली, असं ज्या दिवशी सांगशील त्या दिवशी चावी तुही." गाडीशिवाय दुसरं काम त्याला येत नव्हतं. करायचंही नव्हतं.

नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, झोपेत गळा मिटतो, श्वास थांबतो, माणूस दचकतो, पुन्हा झोपतो. रात्रभर तेच. त्यांनी सीपॅपचं यंत्र दिलं. नाकावर मास्क, मास्कला नळी, नळीतून हवेचा दाब. प्रतिभावहिनींना त्यांनी बजावलं, "घोरणं म्हणजे चांगली झोप नव्हे. यंत्राशिवाय झोपू देऊ नका. दुपारीसुद्धा." वहिनींनी ते आम्हा सगळ्यांना सांगितलं.

मास्क लावला की घोरणं बंद व्हायचं. पण झोपही यायची नाही. कडेने हवा फुसफुसायची. नाकावर लढाऊ वैमानिकाच्या मास्कसारखे वळ उठायचे. सकाळी नळावर शेजारी विचारायचे, "काय गुणवंता, आज कोन्या देशावर बॉम्ब टाकला बे?"

"इमान उडूनच नाही राहिलं, बाप्पा," तो म्हणायचा. सगळे हसायचे.

मला एकट्याला म्हणाला, "पयले झोप होती, श्वास नव्हता. आता श्वास हाये, तर झोप नाही. डॉक्टर म्हणते, सवय होईल. तोवर का जागाच राहू?"

डोळे लाल असायचे. चावी मागायला तो गेला नाही. रघुनाथरावांशी खोटं बोलणं त्याला जमलं नसतं.

मग पांढुर्ण्याला त्याच्या बहिणीच्या, दीपालीताईच्या मुलीचं साक्षगंध झालं. दुपारची जेवणं आटोपली. पाहुणे मांडवात आडवे झाले. गुणवंताभाऊ कोपऱ्यातल्या गादीवर टेकला. यंत्र सौंसरला घरीच होतं. संध्याकाळी परतायचं, म्हणून आणलं नव्हतं. थोड्या वेळाने तो घोरू लागला.

वहिनींनी तोंडाला पदर लावला. "बाई वो, झोपले. किती दिवसानं आवाज आयकला."

दीपालीताईचे यजमान भाऊराव यांनी स्पीकर बंद केला. पोरांना बाहेर हाकललं. लोक चपला हातात घेऊन चालू लागले. "टॅक्टरच चालू हाये," कोणीतरी कुजबुजलं. आम्ही तोंड दाबून हसलो.

घोरणं थांबलं. असं झालं की वहिनी त्याला हलवायच्या. वर्षानुवर्षांची सवय. त्यांचा हात पुढे गेला. दीपालीताईने तो धरला.

"राहू द्या वहिनी. आता गाढ लागली. माह्या भावाले गाडी भेटायची हाये."

घोरणं पुन्हा सुरू झालं. दीपालीताई हसली. मग ते पुन्हा थांबलं. सगळा मांडव शांत होता.

चहाला उठवायला गेलो तेव्हा त्याचे ओठ निळे पडले होते. दवाखान्यात डॉक्टरांनी फार वेळ तपासलं नाही. हृदय बंद पडलं, म्हणाले.

घोरणं म्हणजे काय, ते आम्हाला ठाऊक होतं. मांडवात एकालाही आठवलं नाही. आवाज कानावर आला आणि बरं वाटलं, इतकंच.

भेटायला येणारे जयभीम करून बसतात. म्हणतात, "झोपेतच गेला. तरास नाही झाला."

परवा वहिनी पहिल्यांदा बोलल्या. "झोपेत नाही गेले हो. श्वास घ्याले पाहून राहिले होते. आमी आयकत बसलो."

दीपालीताई तिथेच भिंतीला टेकून होती. तिच्याकडे कोणी पाहिलं नाही.